चष्मेबाईंचा दुपारचा वर्ग

चष्मेबाईंच्या पिशवीत पुस्तकांपेक्षा चष्मे जास्त असत. गुलमंडीच्या बाजारातल्या फुटपाथवरून घेतलेले, प्लॅस्टिकच्या काड्यांचे, एक नंबरापासून अडीच नंबरापर्यंतचे सात-आठ चष्मे, एकमेकांत अडकलेले. चाळिशीतली एखादी बाई "मला नाय जमायचं वाचायला" म्हणाली की त्या तिला अक्षर दाखवत नसत, चष्मा देत. एक लाव, तो काढ, दुसरा लाव. शिवणकाम करणाऱ्या शाहीनआपा आमच्या वर्गात पहिल्यांदा आल्या तेव्हा तिसऱ्या चष्म्यावर थांबल्या, पुस्तक लांब धरलं, जवळ आणलं आणि ओरडल्या, "अगे मा! मैं समझी मेरा डोकाच खराब है. आँखां खराब थे क्या!" बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो चष्मा आपांच्या नावानं लिहून ठेवला आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

त्यांचं खरं नाव हर्सूलच्या वस्तीत फारसं कुणाला माहीत नव्हतं. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, साधारण बासष्ट वर्षांच्या, उंचीनं लहान. रोज दुपारी दोन ते चार, भांडी-धुणी आटोपून आणि नळाला पाणी यायच्या आधी, समाजमंदिराच्या पाठीमागच्या पत्र्याच्या खोलीत त्या वर्ग घेत. एक लोखंडी पेटी, तिच्यात वस्तीतून आणि रद्दीतून जमवलेली पुस्तकं. सतरंजीवर दहा-बारा बाया. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, घरी बसून पिशव्या शिवणाऱ्या. समोर त्या सगळ्यांना "ग" म्हणत आणि त्या सगळ्या त्यांना "बाई" म्हणत. पाठीमागे मात्र चष्मेबाई.

मी तिथं गेले ते पत्रक लिहायला. माझे वडील छापखान्यात होते आणि चळवळीतही होते, त्यामुळे आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी त्यांच्याच कोऱ्या बाजूवर चित्रं काढली, त्यांच्या छापील बाजूवर वाचायला शिकले. कॉलेज संपताच मला वाटलं, बायकांच्या शिक्षणावर एक जळजळीत पत्रक काढावं आणि हर्सूलच्या प्रत्येक दारात टाकावं. मजकूर लिहून बाईंकडे नेला. त्यांनी स्वतःचा चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हे कुणासाठी हाय?"

"इथल्या बायकांसाठी."

"त्यांना वाचता येत असतं तर तू हे लिहिलं असतं का?"

मला राग आला. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन सतरंजी झाडली. तेव्हापासून त्या मला 'पत्रकवाली' म्हणू लागल्या, आणि वर्गातल्या बायाही.

बाईंचा एक नियम होता आणि तो त्या फार कडक पाळत. कुणाचाही कागद त्या वाचून दाखवत नसत. वीजबिल आणा, शाळेची चिठ्ठी आणा, दवाखान्याची पावती आणा, त्या कागदावर बोट ठेवत आणि म्हणत, "तू वाच. मी इथंच हाय." एखादी घाईत असे, चिडे. "बाई, तुमी दोन मिनिटांत वाचताल की!" यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "कागद कुठं पळून चालला का?" व्हॉट्सॲपवरही त्यांचा हाच जाच. वर्गाचा एक ग्रुप होता. बाया बोलून निरोप पाठवत, बाई उत्तरच देत नसत. लिहून पाठवलं तरच उत्तर. कुणी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर विचारत, "एवढं करून पुन्हा अंगठाच?"

शिकवायची त्यांची एक रीत होती, आणि त्या रीतीचा त्यांना अभिमान होता. सगळ्या बायांनी मिळून, एका तालात, मोठ्यानं वाचायचं. "एकटीला चुकायची लाज वाटती," त्या म्हणत. "बारा जणींना नाय वाटत." आणि खरंच, ओव्या म्हणाव्यात तशा त्या बाया धडा म्हणत. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून ऐके. मीही भारावले होते. पत्रकाचा दुसरा मसुदा मी त्या तालावरच लिहायला घेतला होता.

या तालात सगळ्यात खणखणीत आवाज रुक्मिणचा. ती कन्नड तालुक्यातल्या पिशोरकडची. माहेरची माणसं पूर्वी मेंढ्यांमागे फिरणारी, वडिलांनी नंतर थोडी जमीन केली, आता तिच्यात मका आणि अद्रक. रुक्मिण आणि तिचा नवरा हर्सूलला बांधकामावर मजुरी करायचे. कामाला खाडा असेल त्या दुपारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसे. आठ महिन्यांत तिनं पहिलं पुस्तक संपवलं होतं. बाई तिला नव्या बायांसमोर उभी करत. "ही बघा. हिला साधा 'क' माहीत नव्हता."

एका मंगळवारी रुक्मिण लवकर आली आणि बाईंजवळ सरकून बसली. तिचे वडील वारून वर्ष झालं होतं. धाकट्या भावाचा, बाळूचा फोन आला होता. बाळू वाळूजला कंपनीत कामाला होता, शिकलेला होता, घरातले सगळे कागद तोच बघायचा. पुढच्या सोमवारी कन्नडला ये, म्हणाला. जमिनीला वारसांची नावं लावायची आहेत, तुझी सही लागते.

"नाव लावायला सही?" मी विचारलं. "रुक्मिणताई, तो हक्कसोडीचा कागद असेल. बहिणींकडून अशीच सही घेतात. एकदा सही झाली की जमिनीवरचा तुमचा हक्क संपला."

"माझा भाऊ हाय तो," रुक्मिण म्हणाली. "आन मला येतं की आता वाचाया. वाचूनच सही करीन."

बाईंचा चेहरा उजळला. "बघ," त्या मला म्हणाल्या. "तुझं पत्रक नाय लागलं."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, बाई पाणी प्यायला उठल्या होत्या आणि मी रुक्मिणसमोर बसून धडा ऐकत होते. ती बोट फिरवत होती, आवाज खणखणीत. पुस्तकाची दोन पानं ओल लागून एकमेकांना चिकटली होती. तिनं पान उलटलं ते दोन्ही एकदम. आणि ती वाचत राहिली. चिकटलेल्या पानांच्या आत जे होतं ते, एक शब्दही न चुकता. बोट भलत्याच ओळीवर फिरत होतं. समोरच्या पानावर विहिरीचं चित्र होतं आणि ती बाजाराचा धडा म्हणत होती.

मी तिला थांबवलं नाही. रुक्मिण सोमवारी कन्नडला जाणार होती, वाचून सही करणार होती, आणि तिला वाचता येत नव्हतं. तिला स्वतःला हे माहीत नव्हतं.

मी बाईंना बाहेर नेऊन सांगितलं. आधी त्या माझ्यावरच चिडल्या. "तुला काय कळतं? मी तिला आठ महिने ऐकतेय." मग त्या आत गेल्या, पेटीतून वर्गात कधीच न उघडलेलं एक पुस्तक काढलं आणि रुक्मिणपुढे ठेवलं. रुक्मिणनं पहिलं अक्षर ओळखलं, दुसरं ओळखलं, तिसऱ्याशी अडली आणि बाईंकडे बघून हसली. ताल सुरू व्हायची वाट बघत होती ती.

बाईंनी पुस्तक तिच्यापुढून उचललं. मग त्यांनी त्याच पुस्तकावर एकेकीला बसवलं. बारापैकी सात जणी अडल्या. तालात ज्या पाच जणी खरंच वाचत होत्या, त्यांच्या आवाजामागे बाकीच्यांनी सगळं पुस्तक पाठ केलं होतं. कुणी फसवलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, वाचणं म्हणजे हेच.

"चूक माझी हाय," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मला आवाज गोड लागला. मी बोटं बघितली नाय."

रुक्मिण रडली नाही, भडकली. "मंग आठ महिने मी केलं काय?"

"पाठ केलं. ते बी सोपं नाय."

"पाठ केल्यालं कन्नडला कामाला येतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या सात जणींपैकी तिघी आल्याच नाहीत, त्यातल्या दोघी पुन्हा कधीच आल्या नाहीत. रुक्मिण आली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तिनं काम बुडवलं. बाईंनी पहिलं पुस्तक पेटीत घालून कुलूप लावलं आणि तिला मिळेल तो कागद वाचायला दिला. औषधाच्या डबीतली चिठ्ठी. रेशनच्या दुकानातली सूचना. लग्नपत्रिका, आणि ती खालून वर, म्हणजे अंदाजानं पुढचं म्हणता येऊ नये. ओढत, अडत, जोडाक्षराला ठेचकाळत ती वाचत होती. एका ओळीला पाच-पाच मिनिटं. मी शेजारी बसून दिवस मोजत होते.

शुक्रवारी मला राहवलं नाही. "बाई, हे होणार नाही. चार दिवसांत कुणी वाचायला शिकत नाही. आपण वकील नेऊ. नाहीतर मी जाते, मी वाचते तो कागद, आणि तिथंच बाळूला जाब विचारते. पत्रकं नेऊ, वाटू!"

"आन पुढच्या खेपेला?"

"पुढची खेप कशाला येईल? जमीन गेलेली असेल!"

हे मी ओरडून बोलले. रुक्मिणनं ऐकलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्याही घाबरल्या आहेत. हातातला चष्मा त्या पदरानं पुसत होत्या, पुसून झालेलाच पुन्हा पुसत होत्या. "तिलाच विचार," त्या म्हणाल्या.

रुक्मिणनं मान वर केली नाही. "तुमी वाचला आन मी नाय म्हनले," ती म्हणाली, "तर भाऊ म्हनतील, त्या बायांनी भरवलं. मी वाचला तर मी म्हनले." आणि पुन्हा बोट ओळीवर ठेवलं.

सोमवारी आम्ही तिघी एसटीनं कन्नडला गेलो. बाईंनी अट घातली होती : आपण दोघी जवळ जायचं नाही. नोंदणी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये कागद लिहून देणाऱ्यांची टेबलं होती. त्यांच्यासमोर, रस्त्यापलीकडे चहाचं हॉटेल. आम्ही तिथल्या बाकावर बसलो. बाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, जणू मी उठून पळणारच होते. होतेही.

रुक्मिण टेबलाशी बसली. थोरला भाऊ, ज्याला ती दादा म्हणायची, टोपी घालून मागे उभा. बाळू पुढे, हातात फोन. टेबलावरच्या माणसानं तीन पानं तिच्यापुढे सरकवली आणि सहीची जागा दाखवली. रुक्मिणनं पेन घेतलं नाही. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

ऐकू काही येत नव्हतं. नुसतं दिसत होतं. बोट थोडं सरकायचं, थांबायचं, मागं यायचं. आमचा चहा निवला. टेबलावरच्या माणसानं दुसरं गिऱ्हाईक घेतलं. थोरला दोनदा येरझारा घालून आला. बाळूनं वाकून तिला काही सांगितलं, तिनं मान हलवली, बोट सोडलं नाही. मग बाळूचा आवाज चढला, तो आमच्यापर्यंत आला. "अक्के, लोकं बघायलेत! नंबर जाईल आपला! कामून तमाशा लावला?"

"वाचते ना," एवढं तिचं ऐकू आलं.

बाळूला आम्ही दिसलो असणार, कारण तो रस्ता ओलांडून थेट बाईंसमोर आला. "तुमीच शिकवलं का हिला हे?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "मीच शिकवलं. चांगलं शिकवलं असतं तर केव्हाच झालं असतं. थोडा वेळ लागंल. तू चहा घे."

त्यानं चहा घेतला नाही. त्यांचा नंबर पुकारला गेला आणि निघून गेला. पुन्हा पुकारला, पुन्हा गेला. दुपार कलायला लागली तेव्हा रुक्मिण उठली. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि आमच्याकडे न बघता दोघा भावांना म्हणाली, इतक्या मोठ्यानं की आम्हालाही कळलं, "दीड पान झालं. दीड राह्यलं. पन एक जागी लिवलंय, माझा आता कसलाच हक्क राह्यला नाय. ते मी दोनदा वाचलं. आज सही नाय करत."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाईंनी माझं मनगट तेव्हाही सोडलं नाही. थोरला भाऊ बाळूकडे बघत होता. "काय लिवलंय म्हनली ती?" त्यानं विचारलं. बाळू उत्तर न देता मोटारसायकलकडे गेला.

परतीच्या एसटीत रुक्मिण खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिला सांगू लागले की हा फार मोठा विजय आहे. बाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

त्या गप्प का होत्या, ते मला पुढे कळलं. नागपंचमीला रुक्मिणला माहेरून कुणी न्यायला आलं नाही. राखीला तिचा फोन कुणी उचलला नाही. दिवाळीही तशीच गेली. हळूहळू ती वर्गाला यायची थांबली. एकदा रस्त्यात भेटली, डोक्यावर घमेलं, म्हणाली, "वेळ नाय होत ग, पत्रकवाली." बाईंना मी हे सांगितलं त्या दिवशी त्यांनी वर्ग लवकर सोडला.

"जमीन राह्यली, माहेर गेलं," त्या पेटीवर बसून म्हणाल्या. "बरोबरी झाली का ग?"

"बाई, हक्काची किंमत मोजावीच लागते. जे माहेर सहीवर टिकतं ते..."

"ते पत्रकात लिही," त्या म्हणाल्या. "मला नको सांगू. मोजली तिनं."

मी ते वाक्य पत्रकात लिहिलं होतं. घरी जाऊन खोडलं. त्यानंतर असं कुठलंही वाक्य लिहिताना मला आधी दिसतं, ते कुणाच्या डोक्यावर ठेवलं जाणार आहे.

बाईंनी पुढे ताल पूर्ण बंद केला. एकेक बाई, एकेक बोट. वर्ग लहान झाला, आवाज गेला, रस्त्यावरचं कुणी थांबेनासं झालं. नव्या बाईला त्या पहिल्याच दिवशी सांगत, "मी मागं एक मोठी चूक केली, ती ऐक." आणि सगळी हकिकत सांगत, रुक्मिणचं नाव न घेता. मी अनेक पुढारी जवळून पाहिले आहेत, आमच्या घरातच जेवायचे ते. स्वतःच्या चुकीपासून धडा सुरू करणारं माणूस मी हे एकच पाहिलं.

यंदाच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. हृदयाचा त्रास होता, तो त्यांनी लपवला होता. दवाखान्यात मी भेटले तेव्हा बोलायला दम लागत होता. वर्ग कुणी घ्यायचा, पेटीची किल्ली कुठं आहे, असलं काहीच त्यांनी विचारलं नाही. "रुक्मिण येती का?" एवढंच विचारलं. मी खोटं बोलू शकले असते. "नाही," म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. तो चेहरा शांत नव्हता. मी मुद्दाम सांगते, कारण त्यांच्याबद्दल लोक जे बोलतात त्यात 'समाधानानं गेल्या' असं एक वाक्य असतं.

त्यांच्या दहाव्याला रुक्मिण आली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सतरंजीवर येऊन बसली आणि पेटीतून पुस्तक काढलं. वर्ग आता मी चालवते.

मागच्या आठवड्यात, तीनच्या सुमाराला, खोलीच्या दारात सावली पडली. रुक्मिणचा थोरला भाऊ. हातातल्या पिशवीतून ओल्या अद्रकाचा वास येत होता. बायकांच्या वर्गात आत यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. रुक्मिण उठली नाही, बसही म्हणाली नाही. दीड वर्षानं बघत होती ती त्याला.

त्यानं पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली, सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "बाळूनं दिलाय," तो म्हणाला. "सही कर म्हनतो. काय हाय इचारलं तर म्हनला, तुला काय कळतंय." थोडं थांबून जमिनीकडे बघत म्हणाला, "मला सही येती. वाचता नाय येत."

कागद दोन पानांचा होता, बारीक टाइपचा. मी सगळ्यात जवळ होते. मला तो एका मिनिटात वाचता आला असता, आणि त्यात काय निघेल या धास्तीनं माझा हात पुढे गेलाही होता. मी तो मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला.

रुक्मिणनं भावाकडे पाहिलं. मग सरकून सतरंजीवर जागा केली, शाहीनआपांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि तो टेकला. तिनं कागद उलगडला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. अडली. मागं आली. पुन्हा अडली. शरमून म्हणाली, "दादा, मला लई वेळ लागतो."

थोरल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या बोटाकडे वाकून बघू लागला.

"हळूच वाच," तो म्हणाला. "मला बी कळू दे."